बिस्मथ व्हॅनॅडेट : दृश्य प्रकाशातील प्रकाशोत्प्रेरण

सूर्यापासून पृथ्वीस मिळणारी ऊर्जा विपुल असली तरी ती साठवून ठेवणे कठीण असते. वनस्पती हे कार्य हरितद्रव्याच्या साहाय्याने करतात. पाण्याचे विघटन करून त्या ऑक्सिजन हवेत सोडतात आणि उरलेल्या क्षपणशक्तीचा विनियोग कार्बनी संयुगे घडविण्याकडे करतात. हे कार्य एखाद्या अकार्बनी घन पदार्थाकडून करवून घेता येईल काय, या प्रश्नाचा पाठपुरावा गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. त्या ओघात जे अनेक पदार्थ तपासले गेले, त्यांत बिस्मथ व्हॅनॅडेट या पिवळ्या संयुगास महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

या संयुगाच्या अभ्यासाचा इतिहास बोधप्रद आहे. दृश्य प्रकाश शोषून घेणारा पदार्थ हाती आला की प्रश्न सुटला, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात शोषण ही केवळ पहिली पायरी होय. शोषलेल्या प्रकाशातून निर्माण झालेले विद्युत् भार वेगळे राहिले पाहिजेत, ते पृष्ठभागापर्यंत पोहोचले पाहिजेत, तेथे त्यांनी इष्ट विक्रिया घडविली पाहिजे आणि हे सर्व होत असता पदार्थ स्वतः टिकला पाहिजे. बिस्मथ व्हॅनॅडेट पहिली कसोटी सहज उतरतो. पुढील प्रत्येक कसोटीस मात्र त्याला साहाय्याची गरज लागते. ती का लागते व कोणत्या उपायांनी भागविली जाते, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रकाशोत्प्रेरणाची मूळ कल्पना

धातूंइतके सुसंवाहक नसलेले आणि काचेप्रमाणे पूर्ण निरोधकही नसलेले जे घन पदार्थ आहेत, त्यांस अर्धसंवाहक म्हणतात. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असणाऱ्या ऊर्जापातळ्या पट्टांच्या रूपाने असतात. खालचा संयुजा पट्ट इलेक्ट्रॉनांनी भरलेला असतो व वरचा संवाहक पट्ट बहुतांशी रिकामा असतो. या दोहोंमध्ये जे अंतर असते, तेवढी किंवा त्याहून अधिक ऊर्जा असलेला प्रकाशकण शोषला गेला, म्हणजे खालच्या पट्टातील एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातो. खाली त्याची जी जागा रिकामी राहते, ती धनभारित कणाप्रमाणे वागते. तिला छिद्र अशी संज्ञा आहे. इलेक्ट्रॉन पृष्ठभागी पोहोचला तर तेथील एखाद्या पदार्थाचे क्षपण करतो. छिद्र पोहोचले तर ऑक्सिडीभवन घडविते. पण वाटेतच दोघांची गाठ पडली तर ते एकमेकांत विलीन होतात आणि मिळालेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

या तत्त्वाचा पाण्याच्या विघटनासाठी उपयोग होऊ शकतो, हे जपानमधील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे सर्वांच्या नजरेस आले. त्यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या रुटाइल या स्फटिकरूपाचे विद्युत् अग्र वापरले होते. टिटॅनियम डाय-ऑक्साइड स्वस्त आहे, पाण्यात विरघळत नाही आणि प्रकाशात झिजत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा आहे. त्याच्या पट्टांतील अंतर रुटाइल रूपात सुमारे ३·० आणि ॲनाटेज रूपात सुमारे ३·२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके असते. त्यामुळे ॲनाटेज केवळ ३९० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे, म्हणजे जंबुपार किरणच शोषू शकते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर येणाऱ्या सौर ऊर्जेत या किरणांचा वाटा अवघा ४ ते ५ टक्के असतो. उलट दृश्य प्रकाशाचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असतो. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाची भुकटी पांढरी दिसते, याचा अर्थच असा की हा सारा दृश्य प्रकाश ती परत पाठविते. म्हणून रंगीत अर्धसंवाहकांचा शोध सुरू झाला.

रंगीत पदार्थ दुर्मिळ नव्हते. कॅडमियम सल्फाइड पिवळे असते व दृश्य प्रकाश चांगला शोषते. परंतु पाण्याऐवजी त्यातील सल्फाइडाचेच ऑक्सिडीभवन होते आणि पदार्थ क्षय पावतो. लोखंडाचे तांबडे ऑक्साइड टिकाऊ आहे, पण त्यात छिद्रांचा प्रवास फारच अल्प असतो. दृश्य प्रकाशास प्रतिसाद देणारे आणि पाण्यात टिकणारे ऑक्साइड शोधीत असता बिस्मथ व्हॅनॅडेटाकडे लक्ष गेले.

पदार्थाचा परिचय

बिस्मथ व्हॅनॅडेट हे निसर्गातही आढळते. त्याचे समचतुर्भुजी रूप प्यूखेराइट या खनिजाच्या स्वरूपात जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात श्नेबेर्क येथील खाणीत सापडले आणि १८७१ मध्ये त्याचे वर्णन करण्यात आले. एकनताक्ष रूपाच्या खनिजास क्लायनोबिसव्हॅनाइट आणि चतुष्कोणीय रूपाच्या खनिजास ड्रायेराइट अशी नावे आहेत. प्रयोगशाळेत बहुधा शेवटची दोन रूपे तयार होतात. व्यवहारात हे संयुग प्रथम रंगद्रव्य म्हणून पुढे आले. शिसे व कॅडमियम यांची पिवळी रंगद्रव्ये विषारी असल्यामुळे त्यांस पर्याय म्हणून ते आजही रंगलेपांत वापरले जाते. बिस्मथ हा जड धातू असूनही त्याची विषाक्तता कमी आहे. पोटाच्या विकारांवरील काही औषधांत त्याची संयुगे असतात. व्हॅनॅडियमाची विद्राव्य संयुगे मात्र तितकी निरुपद्रवी नाहीत, हे विसरून चालत नाही.

प्रकाशोत्प्रेरक म्हणून त्याची ओळख टोकियो येथील अकिहिको कुडो आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने झाली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, सिल्व्हर नायट्रेटाच्या जलीय विद्रावात बिस्मथ व्हॅनॅडेटाची भुकटी मिसळून तीवर दृश्य प्रकाश टाकला असता पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त होतो. येथे चांदीचे आयन इलेक्ट्रॉन स्वीकारतात आणि स्वतः धातुरूप होतात. त्यामुळे छिद्रांना पाण्याचे ऑक्सिडीभवन करण्यास अवसर मिळतो. पुढील वर्षी याच गटाने खोलीच्या तापमानास, पाण्याच्या माध्यमात, पातळ थरांची रचना असलेल्या व्हॅनॅडेटांपासून हे संयुग तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. बिस्मथ आणि व्हॅनॅडियम यांचे प्रमाण बदलून त्यांना चतुष्कोणीय किंवा एकनताक्ष रूप इच्छेनुसार मिळविता आले.

सामान्य प्रयोगशाळेतील कृती याहून साधी असते. बिस्मथ नायट्रेट नुसत्या पाण्यात घातल्यास त्याचे जलीय विच्छेदन होऊन पांढरा साका बसतो; म्हणून ते विरल नायट्रिक अम्लात विरघळवितात. त्यात अमोनियम मेटाव्हॅनॅडेटाचा विद्राव मिसळून अम्लता नियंत्रित केली असता पिवळा साका मिळतो. तो धुऊन, वाळवून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानास भाजला म्हणजे एकनताक्ष रूप प्राप्त होते. अम्लता, तापमान आणि काल यांत थोडा फरक पडला तरी स्फटिकरूप व कणांचा आकार बदलतो. एकाच नावाच्या दोन नमुन्यांची क्रियाशीलता पुष्कळदा भिन्न आढळते, त्याचे एक कारण हे होय.

रचना आणि शोषण

चतुष्कोणीय झिर्कॉन-सदृश रूपात पट्टांतील अंतर सुमारे २·९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर एकनताक्ष शीलाइट-सदृश रूपात ते सुमारे २·४ असते. त्यामुळे दुसरे रूप सुमारे ५२० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे जांभळा, निळा आणि हिरव्याचा काही भाग इतका प्रकाश शोषते. उरलेला प्रकाश परावर्तित होत असल्याने ते गडद पिवळे दिसते.

या फरकाचे मूळ बिस्मथाच्या इलेक्ट्रॉन-रचनेत आहे. त्रिसंयुजी बिस्मथाच्या बाह्य भागात बंधात भाग न घेणारी एक इलेक्ट्रॉन-जोडी असते. बहुतेक ऑक्साइडांत संयुजा पट्ट केवळ ऑक्सिजनाच्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो व तो बराच खाली असतो. येथे बिस्मथाच्या या जोडीचा त्याच्याशी संयोग होऊन पट्टाची वरची कड उंचावते. एकनताक्ष रूपात बिस्मथाभोवतालच्या ऑक्सिजन-अणूंची मांडणी विरूप झालेली असते आणि ही विरूपता छिद्रांच्या संचारास अनुकूल ठरते, असे मानले जाते. संवाहक पट्ट प्रामुख्याने व्हॅनॅडियमाच्या रिकाम्या कक्षकांचा बनलेला असतो.

पट्टांची पातळी कोठे आहे, यास अंतराइतकेच महत्त्व असते. बिस्मथ व्हॅनॅडेटाचा संयुजा पट्ट पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त करण्यास लागणाऱ्या पातळीच्या एक व्होल्टाहूनही अधिक पलीकडे आहे. म्हणून त्याची छिद्रे प्रबळ ऑक्सिडीकारक असतात. संवाहक पट्ट मात्र हायड्रोजन मुक्त करण्यास आवश्यक असलेल्या पातळीस जेमतेम टेकतो. त्यामुळे एकट्या बिस्मथ व्हॅनॅडेटाकडून पाण्याचे पूर्ण विघटन होत नाही.

विद्युत् भारांचा अल्प प्रवास

२·४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतर असलेल्या पदार्थाने आपल्या वाट्याचा सर्व सूर्यप्रकाश शोषला आणि त्यातील प्रत्येक प्रकाशकणाचा विनियोग झाला, तर प्रमाणित सूर्यप्रकाशात दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ७·५ मिलिअँपिअर इतका प्रवाह मिळावयास हवा. हायड्रोजन-निर्मितीच्या भाषेत ही मर्यादा सुमारे ९ टक्के कार्यक्षमतेची होते. आरंभीच्या काळातील विद्युत् अग्रांपासून मिळणारा प्रवाह याच्या लहानशा अंशाइतकाच होता. प्रकाश शोषला जात होता, पण भार मध्येच नाहीसे होत होते.

याचा उलगडा पुढील मोजमापांतून झाला. या पदार्थात भारांची चलनशीलता फार अल्प असते. व्होल्ट-सेकंदामागे सुमारे ०·०४ चौरस सेंटिमीटर असे तिचे मूल्य २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनांची चलनशीलता याच्या हजारो पट असते. कारण असे की, संवाहक पट्टात आलेला इलेक्ट्रॉन स्फटिकभर मोकळा फिरत नाही. तो एखाद्या व्हॅनॅडियम-अणूपाशी स्थिरावतो आणि भोवतालच्या अणूंना किंचित सरकवितो. कापसाच्या गादीवर बसलेला मनुष्य स्वतःच्या वजनाने पडलेल्या खळग्यात रुतावा, तसा हा प्रकार असतो. असा इलेक्ट्रॉन आणि त्याच्याभोवतीची विरूपता मिळून पोलॅरॉन बनतो आणि तो एका अणूवरून दुसऱ्या अणूवर उडी घेतच पुढे जाऊ शकतो.

भारांचे आयुष्य सुमारे ४० नॅनोसेकंद, म्हणजे तुलनेने बरे असते. तरीही इतक्या मंद गतीने त्या अवधीत केवळ ७० नॅनोमीटर अंतर कापले जाते. उलट प्रकाशाचे पुरेसे शोषण होण्यासाठी काही शे नॅनोमीटर जाडीचा थर लागतो. थर पातळ ठेवला तर प्रकाश निसटतो आणि जाड केला तर आतील भार पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत. बिस्मथ व्हॅनॅडेटाविषयीच्या संशोधनातील बहुतेक प्रयत्न या एका विसंगतीच्या निरसनार्थ झाले आहेत.

पहिला उपाय म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याची अल्प भेसळ. व्हॅनॅडियमाच्या काही अणूंच्या जागी टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम घातले म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या वाढून संवाहकता सुधारते. डेल्फ्ट व बर्लिन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये टंगस्टनाचे प्रमाण थराच्या जाडीनुसार क्रमशः बदलत नेले. त्यामुळे थराच्या अंतर्भागातच विद्युत् क्षेत्र निर्माण होऊन इलेक्ट्रॉन आणि छिद्रे विरुद्ध दिशांना ओढली गेली. सिलिकॉनच्या सौर विद्युत् घटाशी जोडलेल्या या अग्राने ४·९ टक्के कार्यक्षमता गाठली.

दुसरा उपाय रचनेचा आहे. सच्छिद्र थर किंवा बारीक दांडे बनविले, तर प्रकाशाच्या दिशेने जाडी पुरेशी राहते आणि भारांना मात्र थोडेच अंतर जावे लागते. टंगस्टन ऑक्साइडाच्या सूक्ष्म दांड्यांवर बिस्मथ व्हॅनॅडेटाचे पातळ वेष्टन चढवून जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ६·७ मिलिअँपिअर इतका, म्हणजे उपपत्तीने ठरलेल्या मर्यादेच्या सुमारे ९० टक्के प्रवाह मिळविला. येथे प्रकाश शोषण्याचे काम मुख्यतः बिस्मथ व्हॅनॅडेट करते आणि इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम टंगस्टन ऑक्साइड करते.

तिसरा मार्ग स्फटिकाच्या पैलूंचा आहे. चीनमधील डालियान येथील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, सुघटित स्फटिकात इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पैलूंवर व छिद्रे दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर गोळा होतात. प्रत्येक पैलूवर त्याच्या कार्यास योग्य असा साहाय्यक उत्प्रेरक बसविल्यास दोन्ही भारांची गाठ पडण्याचा संभव कमी होतो.

पृष्ठभागावरील क्रिया आणि टिकाऊपणा

छिद्र पृष्ठभागी पोहोचले तरी कार्य संपत नाही. ऑक्सिजनाचा एक रेणू बनण्यासाठी चार छिद्रांची क्रमाक्रमाने गरज लागते आणि बिस्मथ व्हॅनॅडेटाच्या स्वतःच्या पृष्ठभागावर ही क्रिया मंद असते. म्हणून त्यावर कोबाल्ट फॉस्फेट किंवा लोह व निकेल यांची ऑक्सिहायड्रॉक्साइडे बसवितात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील किम व चोई यांनी २०१४ मध्ये सच्छिद्र बिस्मथ व्हॅनॅडेटावर प्रथम लोहाचा व त्यावर निकेलाचा असे दोन थर दिले. लोहाच्या थरामुळे दोन घन पदार्थांच्या सीमेवरील भारांचा नाश कमी झाला, तर निकेलाच्या थरामुळे पाण्याशी होणारी क्रिया सुलभ झाली. दोन थरांची दोन वेगळी कामे ध्यानात घेऊन केलेली ही योजना पुढील अनेक प्रयत्नांना मार्गदर्शक ठरली.

टिकाऊपणाच्या बाबतीतही या संयुगाची मूळ ख्याती तपासून घ्यावी लागली. रंगद्रव्य म्हणून ते टिकाऊ असले, तरी विद्रावात प्रकाशाखाली त्यातील व्हॅनॅडियम हळूहळू निघून जाते. विद्रावात आधीच व्हॅनॅडियमाचे आयन मिसळून ठेवल्यास हे झिजणे रोखता येते, असे विस्कॉन्सिन येथील प्रयोगांवरून २०१८ मध्ये दिसून आले. त्या रीतीने अग्र ५०० तास कार्यक्षम राहिले. हा कालावधी आश्वासक खरा, परंतु वर्षानुवर्षे उघड्यावर चालावयाच्या उपकरणाच्या मानाने तो अल्पच म्हणावा लागतो.

हायड्रोजनासाठी जोडीदार

एकट्याने हायड्रोजन निर्माण करता येत नसल्याने बिस्मथ व्हॅनॅडेटास जोडीदार द्यावा लागतो. वनस्पतीही प्रकाशाचे शोषण दोन टप्प्यांत करतात व पहिल्या टप्प्यातील इलेक्ट्रॉन दुसऱ्यास पुरवितात. त्याच धर्तीवर एका कणाने ऑक्सिजन आणि दुसऱ्याने हायड्रोजन निर्माण करावा, अशी योजना करण्यात आली. कुडो यांच्या गटाने २००४ मध्ये ऱ्होडियमयुक्त स्ट्रॉन्शियम टायटॅनेटाशी त्याची सांगड घातली. दोघांमधील इलेक्ट्रॉनांची देवघेव लोहाच्या आयनांनी केली. काझुनारी डोमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा दोन भुकट्या सोन्याच्या पातळ थरावर बसवून पत्रे बनविले आणि बाहेरून विद्युत् दाब न देता सुमारे १ टक्का कार्यक्षमतेने पाण्याचे विघटन केले. केंब्रिज येथे २०२२ मध्ये पेरोव्स्काइट व बिस्मथ व्हॅनॅडेट यांची हलकी, लवचिक ‘पाने’ तयार करून ती कॅम नदीच्या पाण्यावर तरंगत ठेवण्यात आली. या सर्व योजनांत ऑक्सिजनाचा भाग बिस्मथ व्हॅनॅडेटाने उचललेला आहे.

रंग जाणे आणि रंजक नष्ट होणे

या पदार्थाचा दुसरा उपयोग दूषित पाण्याच्या शुद्धीकरणासाठी सुचविला जातो. मिथिलीन ब्ल्यू किंवा ऱ्होडामीन-बी या रंजकाच्या विद्रावात भुकटी मिसळून, प्रकाश टाकून, रंग किती वेळात फिका होतो हे मोजणे ही सोपी व लोकप्रिय कसोटी आहे. तिच्या निष्कर्षांविषयी मात्र सावधगिरी आवश्यक आहे.

प्रथमतः, रंजकाचा काही अंश भुकटीच्या पृष्ठभागास नुसताच चिकटतो. तेव्हा अंधारात समतोल साधेपर्यंत विद्राव ढवळून मगच मोजणीस आरंभ करावा लागतो. दुसरे असे की, रंजक स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो. त्याचा उत्तेजित इलेक्ट्रॉन अर्धसंवाहकात उतरला तर रंजकाचा ऱ्हास होतो. पण तेथे प्रकाश अर्धसंवाहकाने शोषलेला नसतो. पांढऱ्या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या सान्निध्यातही दृश्य प्रकाशात रंजक फिके पडतात, ते यामुळेच. तिसरे, मिथिलीन ब्ल्यूचे क्षपण झाले की ते रंगहीन होते आणि हवेच्या संपर्काने पुन्हा निळे होऊ शकते. अशा वेळी रंग गेला तरी रेणू शाबूत असतो. म्हणून उत्प्रेरकाविना केलेला पडताळा, फिनॉलासारख्या रंगहीन पदार्थावरील प्रयोग आणि विद्रावात उरलेल्या एकूण कार्बनी कार्बनाचे मापन, या तिहींची जोड असल्याशिवाय प्रदूषक नष्ट झाला असे विधान करणे योग्य नव्हे.

महाराष्ट्रात इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांत कापड रंगविल्यानंतरच्या सांडपाण्याचा प्रश्न खराखुरा आहे, आणि म्हणूनच येथे ही सावधगिरी केवळ शास्त्रीय शिस्तीपुरती राहत नाही. प्रयोगशाळेतील विद्राव स्वच्छ व विरल असतो. रंगशाळेच्या पाण्यात मीठ, अल्कली, खळ आणि अनेक रंजके एकत्र असतात. त्या गडद पाण्यात प्रकाश खोलवर शिरत नाही, आणि कार्य संपल्यावर सूक्ष्म भुकटी पुन्हा वेगळी काढणेही सोपे नसते. चंचुपात्रातील एका रंजकाच्या निष्कर्षावरून अशा पाण्याच्या शुद्धीकरणाचे भाकीत केल्यास, ज्यांना त्या पाण्याशेजारी राहावे लागते त्यांची निराशा होण्याचा संभव आहे.

उपसंहार

बिस्मथ व्हॅनॅडेटाच्या अभ्यासातून प्रकाशोत्प्रेरकाच्या परीक्षेचा एक क्रम स्पष्ट झाला आहे. पदार्थ कोणता प्रकाश शोषतो, त्यातील भार किती दूर जातात, पृष्ठभागावर कोणती क्रिया किती वेगाने घडते, आणि पदार्थ किती काळ टिकतो, हे चार प्रश्न एकामागून एक स्वतंत्रपणे विचारावे लागतात. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांना या संयुगाच्या बाबतीत समाधानकारक उत्तरे मिळाली असून प्रवाहाचे मूल्य उपपत्तीच्या मर्यादेजवळ गेले आहे. चौथ्याचे उत्तर अंशतःच मिळाले आहे. पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत २·४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही मर्यादा पदार्थाच्या स्वभावातच आहे. ती ओलांडावयाची तर अधिक तांबडा प्रकाश शोषणारा जोडीदार घेणे अगर याहून लहान अंतराचे नवे ऑक्साइड शोधणे, हे दोन मार्ग उरतात. नव्या संयुगाचा अभ्यास हाती घेणाऱ्याने त्याच्या रंगाबरोबरच आरंभापासून उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मोजमापे घेतली, तर बिस्मथ व्हॅनॅडेटाच्या बाबतीत जे कळण्यास दीड दशक लागले, ते त्यास पुष्कळ लवकर कळू शकेल.